नवा डेस्कटॉप मध्येच बंद पडतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेनं नवा डेस्कटॉप घ्यावा आणि पहिल्याच आठवड्यात तो आपोआप बंद पडायला लागावा, यासारखा मनस्ताप नाही. काम अर्धवट राहतं, आणि पैसे पाण्यात गेले की काय ही धाकधूक वेगळीच. असे प्रश्न मला बरीच वर्षं विचारले जातात, त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे. कॉम्प्युटर कसा बंद पडतो ते आधी नीट बघा, पार्ट नंतर बदला. बंद पडण्याची तऱ्हा पाहिली की निम्मं निदान तिथंच होतं.

मशीन नवंकोरं आहे. त्यात बिघाड कसा असेल?

असू शकतो. इलेक्ट्रॉनिक वस्तू एक तर अगदी सुरुवातीला दगा देतात, नाहीतर खूप वर्षांनी झिजून जातात. कारखान्यातून सुटलेला कच्चा सोल्डर किंवा कमकुवत कपॅसिटर पहिल्या काही आठवड्यांतच उघडा पडतो. त्यातून तरलेली वस्तू मग वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

डेस्कटॉपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तो एका कंपनीनं एकसंध बनवलेला नसतो. मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, एसएमपीएस (भिंतीतली वीज आतल्या पार्टना पुरवणारा डबा) तिसऱ्याचा, आणि हे सगळे एकत्र नांदायला लागून जेमतेम काही दिवस झालेले असतात. त्यात मशीन गाडीत हादरे खात आलेलं असतं. जड ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये किंचित तिरकं होतं, रॅमची एक बाजू सैल होते, कूलरचा एखादा खिळा सुटतो.

म्हणून ‘माझ्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल’ ही भावना आधी मनातून काढून टाका. वापरणाऱ्याच्या साध्या क्लिकनं मशीनची वीज तुटत नाही.

मग सुरुवात कुठून करू?

आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्या. लिहिणं चालू असताना वीज तुटली की ड्राइव्हवरचा डेटा खराब होऊ शकतो, आणि तपास करताना मशीन आणखी पाच-दहा वेळा पडणारच आहे.

मग एक वही घ्या. खरोखर कागदाची, कारण मशीन पडल्यावर त्यातली नोट उघडता येत नाही. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, चालू करून किती वेळ झाला होता, आणि मशीन नेमकं कसं गेलं ते लिहा. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. दिवा विझावा तसं क्षणात सगळं काळं झालं, की आधी चित्र गोठलं, आवाज अडकला आणि मग गेलं? पंखे थांबले की फिरत राहिले? आपोआप परत चालू झालं की मेल्यासारखं पडून राहिलं? बटण दाबल्यावर लगेच उठलं, की भिंतीवरचा स्विच बंद-चालू करावा लागला?

पंखे फिरतायत आणि फक्त पडदा काळा आहे, तर मशीन बंद पडलेलंच नाही. तिथे ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर (विंडोजला तो पार्ट चालवू देणारा प्रोग्राम) किंवा मॉनिटरची केबल बघायची असते. बटण अजिबात प्रतिसाद देत नाही आणि भिंतीवरचा स्विच बंद करून थोडं थांबल्यावरच मशीन उठतं, तर एसएमपीएसनं स्वतःला वाचवण्यासाठी कुलूप लावून घेतलं होतं, असं बहुतेक वेळा निघतं. गोठून, अडखळून आपोआप रीस्टार्ट होत असेल तर रॅम, प्रोसेसर आणि ड्रायव्हरकडे बघावं. अशा आठ-दहा नोंदी झाल्या की पुढचे निम्मे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत.

विंडोजमध्ये याची नोंद सापडते का?

सापडते, फक्त ती वाचायची कशी हे माहीत हवं. स्टार्ट मेनूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ टाइप करा, ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टम’ उघडा आणि मशीन पडलं त्या वेळेवर या. तिथे लाल खुणेची, ‘कर्नल-पॉवर’ नावाची, ४१ क्रमांकाची नोंद दिसेल. सोबत बहुधा ६००८ क्रमांकाचीही असते.

ही ४१ पाहून लोक हादरतात आणि ‘कर्नल-पॉवर ४१ एरर आला’ म्हणून तिचाच इलाज शोधत बसतात. ही नोंद बिघाडाचं कारण सांगत नाही. विंडोज पुन्हा चालू होतं तेव्हा त्याच्या लक्षात येतं की मागच्या वेळी आपण रीतसर बंद झालो नव्हतो, आणि ते तसं लिहून ठेवतं. एवढाच तिचा अर्थ. प्लग उपटला तरी ४१ येते.

खरी माहिती त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’मध्ये असते. तिथे ‘बगचेक कोड’ या ओळीत शून्याखेरीज आकडा असेल, तर विंडोज कोसळलं होतं आणि मरण्याआधी कारण लिहायला त्याला सवड मिळाली होती. हा आकडा साध्या दशमान पद्धतीत असतो, तो हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये हे होतं. २९२ म्हणजे हेक्समध्ये १२४, हा हार्डवेअरनं स्वतः कळवलेला दोष. २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्स ड्रायव्हर वेळेत प्रतिसाद देऊ शकला नाही. १५९ म्हणजे ९एफ, एखादा ड्रायव्हर झोपताना किंवा उठताना अडकला.

त्याच यादीत ‘पॉवर बटन टाइमस्टँप’ शून्य नसेल, तर पॉवर बटण दाबून धरलं गेलं होतं. तुम्ही दाबलं नसेल तर कॅबिनेटचं बटणच अडकत असेल का, हा प्रश्न येतो. तो खाली घेतला आहे.

आणि सगळंच शून्य असेल तर? तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली. असं दिसलं की मी सॉफ्टवेअरचा नाद सोडून एसएमपीएस, केबल, तापमान आणि शॉर्ट यांच्याकडे वळतो. मशीन पूर्ण गोठलं असेल तरीही कधीकधी सगळे शून्यच दिसतात, म्हणून वहीतली नोंद सोबत ठेवून वाचा.

४१ च्या आसपास ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (विंडोज हार्डवेअरचे दोष या नावानं लिहितं) नोंदी असतील, तर त्यांचे क्रमांकही लिहून घ्या. १८ क्रमांकाची नोंद गंभीर हार्डवेअर दोषाची असते आणि बहुतेक वेळा प्रोसेसर किंवा त्याच्या व्होल्टेजकडे बोट दाखवते.

निळी स्क्रीन दिसतच नाही, थेट रीस्टार्ट होतो.

विंडोजमध्ये मुळातच तशी सोय चालू असते. ‘अॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. आता विंडोज कोसळलं तर निळी स्क्रीन तशीच थांबून राहील आणि तुम्हाला तिचा फोटो घेता येईल. खूण काढल्यावरही निळी स्क्रीन न येता मशीन पडत असेल, तर विंडोज कोसळत नाहीये, त्याच्या पायाखालची वीज निघून जातेय. दोन मिनिटांत होणारी इतकी उपयोगाची चाचणी दुसरी नाही.

तो बंद पडतोय की झोपतोय?

हसण्यावारी नेऊ नका. काही वेळ हात न लावता ठेवलेलं मशीन स्लीप किंवा हायबरनेटमध्ये जातं आणि नव्या माणसाला ते बंद पडल्यासारखं वाटतं. अपडेटसाठी रात्री आपोआप रीस्टार्ट होणं हाही त्यातलाच प्रकार. बटण दाबल्यावर उघडलेल्या खिडक्या जशाच्या तशा परत आल्या, तर ती झोप होती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०७४ ची नोंद असेल, तर कुठल्यातरी प्रोग्रामनं रीतसर सांगून मशीन बंद किंवा रीस्टार्ट केलं. कोणत्या प्रोग्रामनं, तेही त्यात लिहिलेलं असतं.

बाकी सगळं ठीक चालतं, पण गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग सुरू केलं की क्षणात बंद. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा उत्तर विजेच्या वाटेवर सापडतं.

ग्राफिक्स कार्डवर ३०० वॅट लिहिलेलं असलं तरी ते सतत बरोबर ३०० वॅट ओढत नाही. काही मिलिसेकंदांपुरता त्याचा झटका लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास दुपटीवर जाऊ शकतो. सरासरी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा झटका दिसतच नाही, एसएमपीएसच्या संरक्षक सर्किटला मात्र तो दिसतो, आणि शॉर्ट झालाय असं समजून ते वीज तोडतं. २०२२ मध्ये आलेल्या, एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.० या मानकात अशा झटक्यांची तरतूद आहे. १६ पिनांची जोडणी असलेल्या मोठ्या एसएमपीएसना १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट झटका सोसावा लागतो. त्याआधीच्या रचनेचा, वॅटचा आकडा जेमतेम पुरणारा एसएमपीएस नव्या तगड्या कार्डासोबत जोडला की हीच तक्रार येते.

एसएमपीएसवर दोष ठेवण्याआधी केबल बघा. ८ पिनांची एक जोडणी १५० वॅटसाठी असते, ६ पिनांची ७५ वॅटसाठी, आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून आणखी ७५ वॅट मिळतात. कार्डाला ८ पिनांच्या दोन जोडण्या असतील आणि असेंबल करणाऱ्यानं एकाच केबलची दोन तोंडं त्यात खुपसली असतील, तर दोन वेगळ्या केबल लावा. केवळ एवढ्यानं बरी झालेली मशीन मी पाहिली आहेत. १६ पिनांची बारीक जोडणी असेल तर ती शेवटपर्यंत आत गेली आहे का, कुठे फट दिसते का, आणि कनेक्टरपाशीच केबल दुमडली गेली आहे का, हे टॉर्च लावून बघा. तिच्यातून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. अर्धवट बसली तर ती तापते आणि वितळतेही. वितळल्याची खूण किंवा जळका वास आला, तर मशीन पुन्हा चालू करू नका.

आता खात्री करायची चाचणी. कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्राममधून ७० टक्क्यांवर आणा, किंवा गेममध्ये फ्रेमरेट ६० वर बांधा. तोच गेम, तेवढाच वेळ खेळा. आता मशीन तग धरून राहिलं, तर विजेचा पुरवठा किंवा कार्डाचं तापमान, दोहोंपैकी एक दोषी आहे, आणि तापमान तर तुम्हाला समोर दिसतंच. लोड वेगळा करूनही बघता येतो. आधी सिनेबेंच लावून फक्त प्रोसेसर ताणा, मग फरमार्क लावून फक्त कार्ड, आणि शेवटी ओसीसीटीच्या पॉवर टेस्टमध्ये दोन्ही एकदम. एकेकटे पास झाले आणि एकत्र आल्यावर मशीन गेलं, तर माझा कौल एसएमपीएसकडे.

हे सगळं निदान आहे, औषध नव्हे. पॉवर लिमिट कमी करून ‘आता चालतंय ना’ म्हणून गप्प बसू नका. पूर्ण ताकदीचे पैसे मोजलेत, तर ते पूर्ण ताकदीनं चालायला हवं.

एसएमपीएसवर ‘गोल्ड’ लिहिलंय. म्हणजे तो चांगलाच असणार ना?

गोल्ड, ब्राँझ हे शिक्के कार्यक्षमतेचे आहेत. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते, एवढंच ते सांगतात. झटके सोसण्याची ताकद, संरक्षण किंवा टिकाऊपणा त्यातून कळत नाही.

दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल माझ्या एसएमपीएसला लावून बघू का?

नको. मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुटी होणाऱ्या) केबलचं मशीनकडचं टोक सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकातली पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधीकधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक बदलते. प्लग छान बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन ड्राइव्ह कायमचा जातो. ज्या एसएमपीएससोबत जी केबल आली, तीच वापरा.

तापमानामुळे बंद पडतोय हे कसं ओळखू?

एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम टाका आणि त्यातलं लॉगिंग चालू ठेवा. तो दर दोन-तीन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये लिहितो. मशीन पडलं की परत चालू करून त्या फाइलची शेवटची ओळ बघा. मरणाच्या आधीचे आकडे तिथे मिळतात.

तापलेला प्रोसेसर एकदम मरत नाही. आधी तो वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. तिथे पोहोचल्यावर ते स्वतःला आवरतात आणि तरीही तापमान चढत राहिलं, तरच शेवटचा उपाय म्हणून वीज तोडतात. त्यामुळे फाइलच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ६५ अंशांवर असेल, तर प्रोसेसरच्या उष्णतेला दोष देऊ नका.

उलट मशीन नुसतं डेस्कटॉपवर उभं असताना ८० अंश, आणि काम दिल्याबरोबर काही सेकंदांत १००, तर कूलर प्रोसेसरला नीट टेकलेला नाही. नव्या मशीनमध्ये याची कारणं ठरलेली आहेत. कूलरच्या तळाची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहून जाते. चारपैकी एक स्क्रू सैल असतो. उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट लागलेलीच नसते. लिक्विड कूलर असेल तर पंपाची वायर जोडलेली नसते. पंखे फिरताना दिसतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही, आत पाणी मात्र जागचं हलत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची स्वतःची सेटिंग्ज) पंपाचा वेग शून्य दिसतोय का, ते बघा.

आणि एक साधी गोष्ट. बाहेरून तयार आलेल्या मशीनच्या पोटात कधीकधी प्रवासासाठी फोमचा ठोकळा किंवा हवा भरलेली पिशवी कोंबलेली असते. काचेची बाजू काढून आत बघा.

रायझन ९५ अंशांवर जातो. घाबरू का?

रायझन ७००० मालिकेचे वरचे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच थांबतील, अशीच त्यांची रचना आहे. तिथे स्थिर राहत असतील आणि मशीन पडत नसेल तर चालू द्या.

काही काम नसताना, नुसता उभा असतानाच बंद पडतो. हे तर उलटंच झालं!

उलटं वाटतं खरं, पण याला कारण आहे. काम नसतं तेव्हा प्रोसेसर खोल झोपेच्या अवस्थेत जातो आणि जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. २०१३ मध्ये इंटेलचे चौथ्या पिढीचे प्रोसेसर आले, तेव्हा ही ओढ ०.०५ अँपिअरपर्यंत खाली येऊ लागली आणि जुन्या रचनेच्या एसएमपीएसना इतक्या कमी लोडवर व्होल्टेज सांभाळता येईना. रायझनच्या सुरुवातीच्या पिढ्यांतही हाच त्रास दिसला. म्हणून त्यांच्या बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाचा पर्याय आहे. तो ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवून दोन दिवस बघा.

दुसरं कारण म्हणजे कुणीतरी व्होल्टेज कमी केलेलं असणं. थंड चालावा म्हणून अंडरव्होल्ट केलेला प्रोसेसर पूर्ण लोडच्या सगळ्या चाचण्या पास होतो आणि नुसता उभा असताना कोसळतो. तुम्ही केलं नसेल, तरी असेंबल करणाऱ्यानं केलेलं असू शकतं. बायोसचे ‘डिफॉल्ट’ लोड करून त्याच स्थितीत काही दिवस वापरा.

रॅममुळे मशीन बंद पडतं का?

रॅम खराब असली की मशीन गोठतं, निळी स्क्रीन येते किंवा रीस्टार्ट होतो. दिवा विझावा तसं कायमचं काळं होणं हा सहसा रॅमचा स्वभाव नाही.

पण नव्या मशीनमध्ये रॅम तपासायचीच, कारण एक्सएमपी किंवा एक्स्पो. रॅमच्या खोक्यावर जो ६००० वगैरे वेग छापलेला असतो, तो या प्रोफाइलनं मिळतो, आणि तांत्रिकदृष्ट्या ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त पळवणंच, आहे. तुमच्या प्रोसेसरला, तुमच्या मदरबोर्डवर तो वेग पेलेलच असं नाही, चार स्टिक लावल्या असतील तर आणखीच कठीण. बायोसमध्ये हे प्रोफाइल बंद करा. डीडीआर५ रॅम मग ४८०० च्या आसपासच्या मूळ वेगावर येईल. त्या वेगावर त्रास थांबला तर कारण सापडलं. दोनच स्टिक असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात, आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबलेल्या.

मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही एरर आला तर ती रॅम किंवा तो वेग नापास. ‘एकच तर आहे’ असा हिशेब इथे चालत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर कितीतरी वेळ पडदा काळाच होता.

डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा, आणि बायोस रीसेट केल्यावरही, मदरबोर्ड रॅमची जुळवणी करत बसतो. याला काही मिनिटं लागू शकतात, मधे मशीन स्वतःहून एक-दोनदा रीस्टार्टही होतं. घाई करून वीज तोडू नका.

बटण दाबलं की चालू होतो आणि तीन-चार सेकंदांत पुन्हा बंद.

या लक्षणाची कारणं मोजकीच आहेत. प्रोसेसरची ८ पिनांची वायर मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असते. ती राहिली किंवा अर्धी बसली की असं होतं. एकदा मी तीन संध्याकाळ एका मशीनवर घालवल्या, रॅम बदलली, बायोस रीसेट केला, आणि अखेर बोट त्या प्लगवर पडल्यावर तो हलला. तेव्हापासून कुठल्याही मशीनचं झाकण उघडलं की मी आधी प्रत्येक प्लग बोटानं दाबून बघतो.

दुसरं कारण शॉर्ट. मदरबोर्ड पितळी खुंट्यांवर बसतो. त्याच्या भोकांखाली नसलेली एखादी जादा खुंटी कॅबिनेटमध्ये राहून गेली, तर ती बोर्डाच्या पाठीला टेकते. एखादा पडलेला स्क्रूही तेच करतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, कूलर, एक रॅम एवढ्यावर चालवून बघा. बाहेर व्यवस्थित चालला तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणीत आहे.

तिसरं म्हणजे अडकलेलं बटण. पॉवर बटण साधारण चार सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीनं बंद होतं. कॅबिनेटचं बटण आत रुतून बसलं तर तेच आपोआप घडतं. मदरबोर्डवरून पॉवर बटणाची आणि रीसेट बटणाची बारीक वायर काढा, पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवून मशीन चालू करा आणि तसंच वापरून बघा. आता पडलं नाही, तर बटण दोषी.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीबद्दल बरंच ऐकलंय. माझ्याकडे तोच प्रोसेसर आहे.

ती तक्रार खरी होती आणि इंटेलनं ती मान्यही केली. या दोन पिढ्यांच्या ६५ वॅट आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू अस्थिर होत होते. गेम कोसळणं, निळी स्क्रीन, ग्राफिक्सची मेमरी भरपूर असतानाही ती संपल्याचा खोटा संदेश येणं, अशी त्याची लक्षणं. इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ क्रमांकाचा आणि सप्टेंबर २०२४ मध्ये १२बी क्रमांकाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, जो मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतो. तुमचा मदरबोर्ड त्याआधी बनून गोदामात पडून असेल, तर त्यात जुना बायोस असू शकतो. मशीन नवं असलं तरी आवृत्ती तपासाच. झालेली हानी मात्र अपडेटनं भरून येत नाही. तसा प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो, आणि त्यासाठीच इंटेलनं या पिढ्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे.

बायोस अपडेट करून टाकू का?

अपडेट उपयोगी असतं, पण कुठल्याही क्षणी बंद पडणाऱ्या मशीनवर ते करणं जोखमीचं आहे. अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच उठायचा नाही. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर ती वाट धरा. त्यात पेनड्राइव्हवरून अपडेट होतं, आणि ते अर्धवट राहिलं तरी पुन्हा करता येतं. नसेल, तर मशीन कोणत्या स्थितीत स्थिर राहतं ते आधी शोधा, आणि मगच हात घाला.

यूपीएस लावलाय, तरी बंद पडतो.

कधीकधी यूपीएसमुळेच पडतो. यूपीएसवर लिहिलेला व्हीए हा आकडा वॅट नसतो. वॅट त्याहून कमी असतात आणि वेगळे छापलेले असतात. ग्राफिक्स कार्डानं जोर धरला की लहान यूपीएस ओव्हरलोड होऊन स्वतःच बंद होतो, मॉनिटरही त्याच्यासोबत जातो. मॉनिटर सोबत गेला का, ही खूण लक्षात ठेवा. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. आजच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची तऱ्हा सुधारणारं सर्किट) असतं, आणि त्यातल्या काहींना ही लहर चालत नाही. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर फार तर १५-२० मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात यूपीएसनं ताबा घ्यायला हवा.

तपासायला सोपं आहे. यूपीएस, स्पाइक गार्ड, एक्स्टेन्शन बोर्ड सगळं बाजूला करा आणि मशीन थेट भिंतीतल्या दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा. दोन-तीन दिवस असंच वापरा.

विंडोज फॉरमॅट मारून बघू का?

लगेच नको. फॉरमॅटमध्ये अख्खा दिवस जातो आणि सैल प्लग सैलच राहतो. त्याऐवजी लिनक्सचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन चालू करा आणि तासभर व्हिडिओ वगैरे लावून वापरा. तिथेही तसंच बंद पडलं तर विंडोज निर्दोष. तिथे ठणठणीत चाललं, तर तेवढ्यावर निकाल देऊ नका, कारण लाइव्ह लिनक्समध्ये ग्राफिक्स कार्डावर गेमइतका ताण आलेला नसतो.

एसएमपीएस उघडून आत बघता येईल का?

नाही. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. मल्टिमीटर असेल तर बाहेरच्या प्लगवर १२ व्होल्टची वायर मोजा. ११.४ ते १२.६ ही साधारण मर्यादा आहे. आकडा त्याच्या बराच बाहेर असेल तर एसएमपीएस नापास. आत असेल तर मात्र तो पास झाला असं समजू नका, मिलिसेकंदाची घसरण मल्टिमीटरला पकडता येत नाही. खात्रीचा उपाय एकच, ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या केबलांसकट लावून बघणं.

दुकानात नेला की नीट चालतो, घरी आणला की पडतो. आता काय करू?

यात माणूस अगदी रडकुंडीला येतो, कारण समोरचा म्हणतो ‘काही बिघाड नाही’. तिथे बहुधा मशीन दहा मिनिटं डेस्कटॉपवर उभं ठेवून बघितलेलं असतं. त्यामुळे नुसतं ‘बंद पडतो’ एवढं सांगून मशीन सोडून येऊ नका. वही सोबत न्या. कोणता प्रोग्राम, किती मिनिटांनी, कोणत्या सेटिंगवर, हे लिहून द्या आणि तोच प्रोग्राम तितकाच वेळ तुमच्यासमोर चालवायला सांगा. मशीन पडतानाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, त्यात पंखे आणि मॉनिटर दोन्ही दिसू द्या. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदींचे फोटो आणि एचडब्ल्यूइन्फोची फाइल जोडा. तक्रार तोंडी न करता ईमेलवर करा, म्हणजे तारीख राहते. बदलून घेण्याची मुदत बहुधा वॉरंटीपेक्षा बरीच लहान असते, ती आजच तपासा. कॅबिनेट उघडल्यावर वॉरंटी जाते का, हेही उघडण्याआधीच विचारून लेखी घ्या.

तिथे खरोखरच पडला नाही, तर घर आणि दुकान यांच्यात काय बदललं ते शोधा. सॉकेट बदललं, यूपीएस बदलला, मॉनिटर आणि त्याची केबल बदलली, मागे लावलेली यूएसबीची उपकरणं बदलली. यूएसबीच्या एखाद्या पोर्टची पिन वाकून शॉर्ट होत असेल, तरीही मदरबोर्ड वीज तोडतो. घरी आणल्यावर आधी फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर लावा. मग दिवसाला एक याप्रमाणे बाकीची उपकरणं जोडत जा, आणि जोडलेलं प्रत्येक उपकरण वहीत तारखेसह लिहा.